अर्ज कुठल्या तारखेला दिला? एका आमदाराच्या प्रश्नाची गोष्ट, भीमगडच्या रानातून हलग्यापर्यंत

सभागृहात विचारायचा पहिल्या वेळचा प्रश्न मीच घालवला, ते आधीच सांगून मोकळा होतो. मी तेव्हा ग्रामपंचायतीत मेंबर होतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगड अभयारण्याच्या हद्दीच्या आत आमच्या पंचायतीची एक वाडी आहे, चाळीसेक घरं, वाडीचं नाव लिहीत नाही कारण तिथल्या माणसांना अजून त्याच ऑफिसांच्या पायऱ्या चढायच्यात. या वाडीत वीज नाही. म्हणजे सरकारी कागदावर आहे, घरात नाही, हे कसं ते पुढं येईलच. तर कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं, आमदार साहेबांचा पीए म्हणाला प्रश्न द्या लिहून, आणि मी लिहून दिला. आमदार कुठल्या पक्षाचे, वरच्या सभागृहातले का खालच्या, ते विचारू नका, दुसरा कुणी असता तरी हेच झालं असतं.

मी मराठीत लिहिलं "जंगलातील वाडी-वस्तीला वीज नसल्याबाबत". डीटीपीवाल्या पोरानं ते कन्नडमधे टाईप केलं आणि आपल्या वस्तीचं त्यानं "वसति" केलं. कन्नडमधे वसति म्हणजे राहायचं घर, आणि वसति इलाखे म्हणजे घरबांधणी खातं! प्रश्न गेला तिकडं. उत्तर आलं तेव्हा आम्ही हलग्याला सुवर्णसौधच्या, म्हणजे अधिवेशन भरतं त्या इमारतीच्या बाहेर टपरीवर चहा पीत उभे होतो, पीएनं कागद आणून दिला, त्यात तालुक्यात घरकुलं किती मंजूर आणि किती पूर्ण याचा तक्ता. पीए हसला, मी पण हसलो, आमदार हसले नाहीत. "मेंबर, वर्ष गेलं की हो आपलं," एवढंच म्हणाले.

सीमाभागात हे रोजचंच आहे. बोलणं मराठीत, अर्ज कन्नडमधे, आणि मधल्या रस्त्यात अर्थ कुठं सांडला ते कुणाला कळत नाही. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही, त्यामुळं आता या भागातला आमदार कुठल्याही पक्षाचा असला तरी मराठी माणसाचा प्रश्न त्याला कन्नडच्या गाळणीतूनच न्यावा लागतो. त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी गोष्ट, कारण शब्द बरोबर पडला असता तरी तो प्रश्न मेलाच असता, हे मला पुढं महिनाभर जुनी उत्तरं वाचत बसल्यावर कळलं.

कर्नाटकात सभागृहातल्या प्रश्नाचा एक साचा ठरलेला आहे. डाव्या बाजूला अ, आ, इ करून प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर. आणि बहुतेक आमदारांचा अ असा असतो, "सरकारद गमनक्के बंदिदेये?" म्हणजे अमुक गोष्ट सरकारच्या लक्षात आलीय काय. त्यावर उत्तर, "बंदिदे", आलीय. संपलं. पुढं आ मधे विचारलं काय पावलं उचलली, तर दोन ओळी योजनेचं नाव. इ मधे विचारलं कधीपर्यंत, तर "परिशीलनेयल्लिदे", विचाराधीन आहे. आणि अ चंच उत्तर नाही असं आलं तर खालच्या सगळ्या पोटप्रश्नांना एकच शब्द, "उद्भविसुवुदिल्ल", प्रश्नच उद्भवत नाही. मला तो शब्द इतका पाठ झाला की घरात बायको काय मागायला लागली की मी तोच म्हणायचो, मग एकदा तिनं पण जेवणाच्या ताटावर तोच ऐकवला.

तर साच्यात पकड असेल असा प्रश्न पाहिजे होता, आणि त्यासाठी आधी वाडीतली भानगड नीट समजून घ्यायला पाहिजे होती.

२०१७ च्या सप्टेंबरात केंद्राची सौभाग्य योजना आली, घरोघर वीज. जिथं लाईन न्यायला जमत नाही अशा घरांना सोलर किट, २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी बल्ब, एक डीसी फॅन, एक डीसी प्लग आणि पाच वर्षं दुरुस्ती. वाचायला झकास. आमच्या वाडीत पण किट लागली, त्या दिवशी लहान पोरं नाचली, मी स्वतः बघितलंय. आता आमच्याकडचा पाऊस माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. आमच्याच तालुक्यातल्या आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, त्याच पट्ट्यात ही वाडी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ खाली टेकलेलं, त्यात झाडांची सावली, पॅनलवर शेवाळ. बॅटरी अर्धी पण भरत नाही, घरात मात्र बल्ब रोज लागतो, मग बॅटरी पार उतरते आणि तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहते. लेड-ॲसिड बॅटरी अशी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर थर बसतो आणि परत ती पूर्वीसारखं चार्ज घेत नाही. दोन पावसाळे काढले, तिसऱ्याला निम्म्या घरांत अंधार. दुरुस्तीचा नंबर किटवर स्टिकरवर होता, पण स्टिकर पावसानं पुसलेलं आणि रेंज तर डोंगर चढल्याशिवाय येत नाही.

खरी गोम पुढं आहे. सोलर किट बसलं म्हणजे ते घर "विद्युतीकरण झालेलं" म्हणून मोजलं गेलं. त्यामुळं तालुक्याचा आकडा शंभर टक्के. बॅटरी मेली म्हणून आकडा काय खाली येत नाही.

आता इथं पैशाचा हिशेब घाला. १ जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना चालू झाली, महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट, सुरुवातीला २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के वाढवून जेवढे युनिट होत तेवढे. माझ्या स्वतःच्या घराचं बिल शून्य येतं, मी योजनेच्या विरोधात अजिबात नाही, उगीच कुणी मला त्या बाजूला ढकलू नका. पण योजना मीटरवर चालते. वाडीत मीटरच नाही. २०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण ते एक युनिट देतं, म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस युनिट, ते पण फक्त उन्हाळ्यात. बेळगावातल्या फ्लॅटला सरकार २०० पर्यंत भरतं आणि जंगलातल्या घराला सरकारी हिशेबात शून्य, कारण त्याच्या नावावर ग्राहक क्रमांकच नाही. गृहज्योतीवर वर्षाला दहा हजार कोटींच्या घरात खर्च होतो, त्यातला एक रुपया पण या वाडीच्या वाट्याला नाही.

आणि पंचायत? १ एप्रिल २०२५ पासून वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागं ३६ पैसे ग्राहकांकडून घ्यायचं ठरलं, पुढच्या वर्षी ३५, त्याच्या पुढच्या वर्षी ३४. घरगुती गृहज्योतीवाल्यांचे पैसे सरकार भरतं. पण पंचायतीच्या पाण्याच्या मोटरीला आणि रस्त्यावरच्या दिव्यांना गृहज्योती नाही. हजार युनिटला ३६० रुपये जादा, मोठी पंचायत असेल तर हसण्यावारी न्यायचा आकडा नाही. म्हणजे वाडीतला माणूस घरपट्टी पाणीपट्टी भरतो, त्यातून खालच्या गावातल्या दिव्यांचं बिल जातं, आणि तो घरी जाऊन चिमणी लावतो. हे मी ग्रामसभेत बोललो तर एक तात्या उठून म्हणाले, "मेंबर, तू भाषण छान करतोस, पण लाईट कवा येतली ते सांग की." बसलो खाली.

मग मी दोन ऑफिसांत गेलो. नावं घेत नाही. विजेच्या ऑफिसात म्हणाले, लाईन ओढायला आम्ही एका पायावर तयार आहे, टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर पण देतो, जंगलवाले परमिशन देत नाहीत. जंगलाच्या ऑफिसात गेलो, तिथला साहेब खरंच चांगला माणूस, चहा पाजला, म्हणाला अभयारण्य आहे, वीजवाल्यांना सांगितलंय आम्ही. मी म्हटलं नकाराचा कागद दाखवा. तो म्हणाला कागद कसला, सगळ्यांना माहीतच आहे की. बाहेर आलो आणि गाडीला किक मारता मारता डोक्यात आलं, नकार द्यायला आधी कुणी तरी मागितलं पाहिजे ना!

माहिती अधिकारात अर्ज टाकला. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, सुरुवातीला चीड आली होती, पण त्या नियमानं मला शिकवलं बरंच, कारण दीडशे शब्दांत रडगाणं बसत नाही. मी एवढंच विचारलं, या वाडीच्या वीज लाईनसाठी वन्यजीव परवानगीचा अर्ज कुठल्या तारखेला, कुणी, कुठल्या नंबरनं केला. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही, दुसऱ्या खात्याकडं विचारा. दुसऱ्याकडून पण तेच. म्हणजे इतकी वर्षं सगळे ज्या नकाराकडं बोट दाखवत होते तो नकार कुणी दिलाच नव्हता.

कायदा पण थोडा सांगायला पाहिजे, कारण यात गल्लत भयंकर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मधे तेरा सुविधा आहेत, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची पाईपलाईन, वीज आणि फोनच्या लाईनी वगैरे, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ च्या वर झाडं पडायची नाहीत या अटीवर, ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकतात. आमच्यातले बरेच कार्यकर्ते इथंच थांबतात आणि बघा कायदा आपल्या बाजूनं म्हणून ओरडतात. पण ते कलम १९८० च्या वनसंवर्धन कायद्याला बाजूला ठेवतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याला नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, त्यामुळं ग्रामसभेचा ठराव झाला तरी फाईल परिवेश या केंद्राच्या परवानगीच्या पोर्टलवरून चढत राज्य वन्यजीव मंडळ आणि मग राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जायला लागते. लांबचा रस्ता आहे. पण रस्ता आहे, आणि पोर्टलवर टाकलेल्या प्रस्तावाला नंबर पडतो, नंबर असला की लपवाछपवी नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी आमदारांच्या घरी रात्री बसलो आणि तिथं आमचं चांगलंच वाजलं. त्यांना मोठा प्रश्न टाकायचा होता. ४,०९,५४९ कोटींचं २०२५-२६ चं बजेट, त्यात गॅरंट्यांना, म्हणजे गृहज्योतीसारख्या योजनांना ५१,०३४ कोटी, मग विजेचे दर, मग म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी न्यायला कणकुंबीला खोदाई चालते, गोव्याला जाणारी ४०० केव्हीची लाईन जंगलातून न्यायचं घाटतंय, मग आमच्या वाडीच्या चार खांबांनीच जंगल मरतंय काय! बोलताना त्यांचा आवाज चढला, मला पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मुद्दा रास्तच आहे. म्हादई लवादानं २०१८ मधे कर्नाटकला १३.४२ टीएमसी दिलं, त्यावर तीन राज्यांचे वकील सुप्रीम कोर्टात उभे आहेत, ४०० केव्हीच्या लाईनवर दोन राज्यं भांडतायत, आणि म्हादई जिथं उगम पावते त्या डोंगराखालच्या घरात बल्ब नाही.

पण मी म्हटलं साहेब, हे भाषण आहे, प्रश्न नाही. तुम्ही ५१ हजार कोटी म्हटलं की समोरचे उठणार, तुम्ही गरिबांच्या विरोधात म्हणणार, कळसा म्हटलं की सगळं सभागृह पाण्यावर जाणार आणि म्हादई म्हटल्यावर तर तुम्हालाच पाणी नको म्हणणारा ठरवतील, वाडी राहिली बाजूला. ते म्हणाले, "मग काय बॅटरीचा प्रश्न विचारू? पेपरात येतलं काय ते?" मी म्हटलं नाही येणार. बराच वेळ कुणी बोललं नाही. वहिनी आतून भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मागच्या खेपेला घरकुलाचं उत्तर आलं ते पेपरात आलं असतं तर बरं झालं असतं काय. त्यावर साहेब हसले आणि म्हणाले लिहा.

प्रश्न एकाच खात्याला, ऊर्जा. "वस्ती" शब्द काढून टाकला, "मजरे" म्हणजे वाडी हा घातला, तो दोन्ही भाषांत चालतो. "गमनक्के बंदिदेये" एकदाही नाही. अ, अभयारण्यात मीटर नसलेली घरं गावनिहाय किती. आ, सोलर किट कुठल्या साली, एका घरामागं किती खर्च, दुरुस्तीची मुदत कुठल्या तारखेला संपते. इ, आज त्यातली किती चालतात आणि ती कुठल्या तारखेला कुणी जाऊन तपासली. ई, लाईनसाठी वन्यजीव परवानगीचा अर्ज कुठल्या तारखेला आणि नंबर काय. कन्नड एका शाळामास्तरांकडून दोनदा तपासून घेतलं.

चुक्कीच्या, म्हणजे तोंडी उत्तराच्या प्रश्नांत आमचा नंबर लागला हे नशीब, नाहीतर छापील उत्तर टेबलावर पडलं असतं आणि विषय संपला असता. अ आणि आ ची उत्तरं आली, तक्त्यासकट. इ ला उत्तर गोल, "वेळोवेळी तपासणी केली जाते". ई ला, अपेक्षेप्रमाणं, परिशीलनेयल्लिदे. तिथं साहेब उभे राहिले आणि फक्त एवढंच म्हणाले, विचाराधीन आहे म्हणता तर कुणाच्या टेबलावर, आणि अर्जाचा नंबर सांगा. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत कागद इकडून तिकडं गेले. नंबर नव्हता. मंत्र्यांनी तपासून अर्ज करायला लावतो आणि सभासदांना कळवतो म्हटलं. मिनिटभरात आटोपलं, पेपरात खरंच आलं नाही, त्या दिवशीची बातमी बाहेरच्या मोर्चाची होती. पण सभागृहात "करतो" म्हटलं की ते आश्वासन होतं आणि आश्वासन समितीकडं त्याची नोंद जाते, तिथून खात्याला पत्रं येत राहतात. आमदारांचं भाषण ऑफिसं विसरतात, समितीच्या पत्राला मात्र जावक क्रमांक घालून उत्तर द्यायला लागतं.

अर्ज गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाईलला नंबर आहे. आता भांडण खांबाचं नाही, केबलचं आहे. जंगलातून उघड्या तारा नकोत, इन्सुलेटेड केबल घाला नाहीतर रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून न्या असं म्हणणं आहे, आणि यात मी जंगलवाल्यांच्या बाजूनं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात सुळेगाळीजवळ दोन हत्ती शॉक लागून मेले, ती बातमी ऐकून वाडीतली आज्जी दिवसभर जेवली नाही, गणपतीच मेला म्हणत होती. केबलचा खर्च साध्या लाईनीपेक्षा बराच जास्त, आणि तो फरक वीज कंपनीनं दरात घालून सगळ्या ग्राहकांकडून घ्यायचा का सरकारनं भरायचा, यावर सध्या फाईल अडकलीय. आमदार निधीतून भरा असं पण एकानं सुचवलं, वर्षाला दोन कोटी असतात तुमच्याकडं म्हणून. साहेबांनी कानाला हात लावला. त्या निधीतून मागं वाडीत दोन सोलरचे रस्त्यावरचे दिवे लागले होते, खांब अजून उभे आहेत, बॅटऱ्या कुणी तरी नेल्या, हे मी त्यांना प्रश्न लिहिताना पण आठवण करून दिलं होतं आणि त्यांना ते आवडलं नव्हतं.

आणि मधेच अभयारण्यातल्याच तळेवाडीचं झालं. तिथल्या २७ कुटुंबांनी स्वखुशीनं जंगल सोडायचं ठरवलं, कुटुंबामागं १५ लाख, २०२५ मधे पहिल्या हप्त्याचे चेक पण मिळाले. झालं, आमच्या वाडीत दोन तट पडले. पोरं म्हणतात पैसे घेऊन खाली जाऊया, शाळा दवाखाना तरी जवळ येईल. म्हातारी माणसं म्हणतात देव इथं आहे, काजू-फणस इथं आहे, केबल येऊ दे. एका तरण्या पोरानं मला सरळ विचारलं, "मेंबर, केबल आली की मग १५ लाख देतील काय?" याचं उत्तर मी दिलं नाही, कारण माझा अंदाज त्याच्यासारखाच आहे. चाळीस घरं गुणिले १५ लाख म्हणजे सहा कोटी, हा आकडा त्यानं बोटावर मोजून दाखवला. केबलला किती लागणार ते वाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, तर तो म्हणाला ते पण विचारा की साहेबांना, दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी पाहिजेत.

ते लिहून घेतलंय. पुढच्या प्रश्नात अ आणि आ म्हणजे हेच दोन आकडे आहेत, मास्तरांकडं कन्नड तपासायला दिलाय.